समुद्र नसलेल्या शहरातली भरती

"अनुपमाताई, तुम्ही 'थांबा' का दाबलंत?" रितेशने पुन्हा विचारलं.

"वाटलं, उतरेल पाणी."

"पण का वाटलं?"

अनुपमाताई समोरच्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. स्क्रीनवर आदल्या दुपारचं चित्रण थांबवून ठेवलं होतं. अंडरपासच्या मधोमध शाळेची पिवळी व्हॅन उभी, चाकं पूर्ण पाण्यात, आणि आसपासचे दुकानदार पोरांना खांद्यावर घेऊन बाहेर पडतायत. कोणालाही काही झालं नाही. एक मुलगी तर दुकानदाराच्या डोक्यावर दप्तर ठेवून हसत होती. पण कोणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत शहरभर फिरला होता, आणि अंडरपास वेळेत का बंद केला नाही हा प्रश्न फिरत फिरत आमच्यापर्यंत आला होता.

ते शहर आमच्यापासून फार लांब आहे. त्याचं नाव बाहेर सांगायचं नाही असं करारात कलम आहे, म्हणून आम्ही त्याला नुसतं शहर म्हणतो. विदर्भाच्या बाजूला, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, काळ्या मातीवर वसलेलं. तिथले नाले, पंप, अंडरपास, रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याच्या गाड्या, सगळ्यांवर सेन्सर बसवलेले आहेत. त्या सेन्सरांकडे बघत बसणारी माणसं मात्र महाडहून पोलादपूरला जाताना नडगावच्या पुढे, टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर असतात. कंपनीचं नाव सह्यदर्शन. इथे जागेचं भाडं कमी, हायवेलगत इंटरनेटची चांगली लाइन, शिवाय दोन हजार एकवीसच्या महापुरात या इमारतीच्या पायरीलाही पाणी लागलं नव्हतं. बी.एस्सी., बी.कॉम. होऊन मुंबईला जायचं नसलेल्या मुलामुलींची या दोन तालुक्यांत कमतरता नाही.

मी इथे ॲनालिस्ट आहे. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि महाडला घरी राहून करता येईल अशी ही एकच नोकरी मिळाली. पाणी, कचरा, दिवे असं प्रत्येक कामाचं वेगळं टेबल आहे; टेबलावरची माणसं कुठला निर्णय कधी घेतात, ते बरोबर होते का, हे तपासणं माझं काम. अनुपमाताई पाणी टेबलाच्या प्रमुख. खाडीपट्ट्यातल्या तुडील गावच्या. लग्नाआधी एका कारखान्याच्या लॅबमध्ये होत्या, त्यामुळे आकडा दोनदा वाचायची सवय. टेबल सुरू झाल्या दिवसापासून त्या तिथे आहेत.

पाणी टेबलावर दोनच बटणं महत्त्वाची. अंडरपासमध्ये पाणी चढायला लागलं की स्क्रीनवर चौकट लाल होते. 'बंद' दाबलं की तिकडे बॅरिअर खाली येतो आणि गाड्या थांबतात. 'थांबा' दाबलं की चौकट काही मिनिटांनी परत विचारते. अनुपमाताईंनी त्या दुपारी दोनदा 'थांबा' दाबलं होतं.

सेन्सर आमच्या ऑफिसातही आहेत. प्रत्येक स्क्रीनवर एक बारीक कॅमेरा आहे; तो डोळे कुठे आहेत ते बघतो आणि शिफ्ट संपली की लक्ष देण्याचे गुण देतो. त्या दुपारी ताईंना पैकीच्या पैकी गुण होते. ते त्यांच्या बाजूचे ठरायला हवे होते. झालं उलटंच.

"डुलकी लागली असती तर मी सांभाळून घेतलं असतं, यार," ताई बाहेर गेल्यावर रितेश मला म्हणाला. रितेश आमचा मॅनेजर. पोलादपूरकडच्या कापडे गावचा, पुण्यात आयटीत दहा वर्षं काढून परत आलेला. माणूस चांगला, पण घाबरला की हिंदी सिनेमातल्यासारखा बोलतो. "आता मी काय सांगू? बाई बघत होती, तिला दिसत होतं, आणि तरी दोनदा 'थांबा'? ये तो जान-बूझके हो गया ना!"

"मुद्दाम नाही केलेलं."

"ते मला माहीत आहे. निशा मॅडमना कोण सांगणार?"

निशा देवतळे त्या शहराच्या पूरनियंत्रण विभागाच्या इंजिनिअर. त्यांची मेल सकाळीच आली होती. भाषा सभ्य होती, म्हणून जास्त भीती वाटली. पुढच्या शुक्रवारी त्या स्वतः येणार होत्या. तोपर्यंत आम्ही लेखी खुलासा द्यायचा: संबंधित कर्मचारी निष्काळजी होती की आणखी काही. आणि एकूणच, अंडरपास बंद करण्याचा अधिकार माणसांकडून काढून 'सल्लागार'कडे द्यावा असं त्यांचं मत झालं होतं. सल्लागार म्हणजे आमच्याच स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर. दोन पावसाळे ते माणसांचे निर्णय बघत शिकत होतं, आणि लाल चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं मत देत होतं. आता त्याने एकट्याने काम करावं. तसं झालं तर पाणी टेबलाची गरजच उरत नव्हती. अनुपमाताई पहिल्या जाणार, मग बाकीचे.

खुलासा लिहायचं काम रितेशने माझ्यावर टाकलं.

मी आधी तक्रारी काढल्या. दोन पावसाळ्यांत शहराने आमच्या टेबलाबद्दल बऱ्याच तक्रारी केल्या होत्या, आणि त्या विचित्र होत्या. काही तक्रारी अंडरपास उशिरा बंद झाल्याच्या होत्या. पण तेवढ्याच तक्रारी तो उगाच लवकर बंद केल्याच्या होत्या. घोट्याएवढ्या पाण्यात रस्ता अडवला, बाजार बसला, असं व्यापाऱ्यांचं म्हणणं. निष्काळजी माणूस उशीर करतो. घाबरट माणूस घाई करतो. एकच टेबल दोन्ही कसं करतं?

मग मी प्रत्येक निर्णय घेतला आणि पाहिलं की तेवढ्याच पावसात, तेवढ्याच पाण्यात नेहमी जे होतं त्यापेक्षा हा लवकर झाला की उशिरा. माणसांप्रमाणे मांडलं, काही दिसलं नाही. शिफ्टप्रमाणे मांडलं, सपाट. घड्याळाच्या तासांप्रमाणे मांडलं, तेही सपाट. जेवणानंतरची सुस्ती, संध्याकाळची घाई, काहीच नाही. शेवटी मी सगळं सोडून मागच्या जुलैतला सलग पावसाचा एक आठवडा उचलला आणि निर्णय एकामागोमाग एक, घडले तसे ठेवले.

लाट दिसली.

दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली. वर म्हणजे घाईचे निर्णय, खाली म्हणजे उशिराचे. दुसऱ्या दिवशी तीच लाट, पण थोडी उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी थोडी. ऑफिसात रोज पाऊण-एक तास पुढे सरकणारी गोष्ट कुठली असते? शिफ्ट सरकत नाही. चहा सरकत नाही. म्हणूनच घड्याळाच्या तासांत ती दिसली नव्हती. पंधरवड्यात ती सगळ्या तासांतून फिरून येत होती.

महाडला वाढलेल्या माणसाला यापुढे फार विचार करावा लागत नाही. सावित्रीला वरून घाटाचं पाणी येतं आणि खालून बाणकोटच्या खाडीची भरती. भरती असली की नदीचं पाणी पुढे जायला वाट नसते, ते गावात शिरतं. ओहोटी लागली की उतरतं. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे 'भरती कधी आहे' हा प्रश्न 'जेवलीस का' इतका साधा असतो. माझ्या आईला चतुर्थी विसरायला होतं, भरती नाही. भरती चढत असताना पाणी दिसलं की आम्ही सामान माळ्यावर टाकतो. ओहोटी लागली असताना दिसलं की चहा ठेवतो.

तरी मी खात्री करून घेतली. बाणकोटच्या समुद्रावरची भरती आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. माझी लाट बाणकोटच्या वेळेशी जुळत नव्हती. महाडच्या वेळेशी जुळत होती. मग मी टेबलावरच्या माणसांचे दोन गट केले. एकात महाड शहर आणि खाडीपट्ट्यातली, दुसऱ्यात पोलादपूरकडची, डोंगरातली. पहिल्या गटात लाट आणखी ठळक झाली. दुसऱ्या गटात ती नव्हतीच. पोलादपूरच्या मुलींना भरती नव्हती. त्यांचं वेगळंच होतं. शहराच्या कचराडेपोच्या उतारावर माती सरकली तर कळवणारा सेन्सर आहे. कचरा टेबलावर पाळी असताना तो जरा हलला की या मुली डेपोचा रस्ता बंद करून टाकत, आणि दरडीखाली गेलेलं तळीये ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातली मी, त्यांना हे का विचारायची मला कधी गरज वाटली नव्हती.

मी खुर्चीत मागे रेलून एकटीच हसले. कॅमेऱ्याने माझे गुण कापले.

रितेशला सांगण्याआधी ताईंना सांगायचं असं मी ठरवलं. आम्ही मागच्या जिन्यावर डबा खातो. तिथे कॅमेरा नाही, म्हणून सगळेच तिथे खातात. पण त्या दिवशी दोघीच होतो.

मी लॅपटॉपवर लाट दाखवली. ताईंनी ती आधी लॅबमधल्यासारखी नीट पाहिली, मग तिच्याखाली मी काढलेली भरती-ओहोटीची रेघ पाहिली. घास हातातच राहिला.

"हे कोणाचं हाय?"

"आपलं. तुमचं, टेबलावरच्या विपुलचं, मानसीचं. मी टेबलावर बसले असते तर माझंही."

"आणि व्हॅनच्या दिवशी?"

"ओहोटी लागून थोडाच वेळ झाला होता."

ताई एकदम तापल्या. "म्हणजे माझ्या डोक्यात खाडी हाय असं लिहिणार तू? आणि वर सही करणार?"

"तुम्ही निष्काळजी नव्हता असं लिहिणार आहे."

"ते त्यांना ऐकू येईल का? त्यांना एवढंच ऐकू येईल की महाडच्या बायका नको. पोलादपूरच्या घ्या. नायतर कोणच नको." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "माझी सासू भरती विचारते, नवरा विचारतो, शेजारीण विचारते. मी ते घरी ठेवून येते असं मला वाटायचं गो. मी कधी स्क्रीनकडं बघून भरतीचा विचार केला नाय. एकदासुद्धा नाय."

"म्हणून तर तुम्हाला सांगता आलं नाही."

पाऊस जिन्याच्या पत्र्यावर वाजत होता. ताईंनी लॅपटॉप परत आपल्याकडे ओढला. मग त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "आम्रपाली, आपल्याकडं पाणी उतरतं म्हणजे खाडीत जातं. तिकडं कुठं जातं?"

"पंपाने नाल्यात. नाला भरला असेल तर कुठेच नाही."

"हे मला पाठ हाय. परीक्षेत विचारलं तर लिहीन. पण दाबताना आठवलं नाय." त्या उठल्या. "मग स्क्रीनने विचारायला पाहिजे. 'थांबा' दाबलं की विचार म्हणावं, पाणी जाणार कुठं? पंप चालू हाय का, नाला रिकामा हाय का, पाऊस थांबला का. यातलं एक तरी दाखवता आलं तर थांब. नायतर बटण चालायलाच नको."

मी ते त्याच दुपारी करायला घेतलं.

रितेशला लाट लगेच पटली. त्याचा निकाल मात्र वेगळा होता. "झकास. पण हे आपण दाखवायचं नाही. सेन्सरचा सिग्नल उशिरा आला असं लिही. टेक्निकल वाटतं. मॅनेज होऊन जाईल."

"सिग्नल वेळेवर आला होता."

"कोण बघणार आहे?"

"मी बघितलंय."

"तुला नोकरी कोणाची वाचवायचीय, त्यांची की त्या ग्राफची?"

"रितेश, खोटं कारण दिलं तर मॅडम सेन्सर बदलतील आणि बटण सल्लागारकडे देतील. मग काय होईल ते ये, दाखवते."

मी सल्लागारला जुन्या पावसातले प्रसंग पुन्हा घातले आणि त्याचीच उत्तरं मांडली. तीच लाट. त्याला भरतीच्या वेळा कोणी सांगितल्या नव्हत्या. पण गेल्या काही तासांत टेबलावरच्या माणसांनी घाई केली की दम धरला, हेही ते बघत असे, आणि त्यांच्या मागोमाग चालायला शिकलं होतं. विपुल, आमच्या टेबलावरचा सगळ्यात तरुण आणि तोंडाळ ऑपरेटर, मागून डोकावत होता. तो म्हणाला, "म्हणजे आपण त्यांच्या गावात समुद्र नेला? फ्रीमध्ये? कराराबाहेरचं काम आहे हे, रितेशसर. बिल लावा."

रितेश हसला नाही. तो कपाळ चोळत म्हणाला, "ठीक आहे. तू बोल शुक्रवारी. मी चहा देतो."

शुक्रवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता. तीच ढगांची रांग तिकडे विदर्भापर्यंत पसरली होती. सावित्री गढूळ होऊन काठाला लागली होती, आणि सकाळची भरती मोठी होती. तुडीलहून येताना ताईंना रस्ता मिळेल की नाही याची शंका होती, म्हणून त्या पहाटेच निघून आल्या होत्या. त्यांच्या सासूबाई राहीबाई आणि गुरं घरी होती.

निशा मॅडम पनवेलकडून गाडीने आल्या. साधारण पन्नाशीच्या, पायात गमबूट. जिना चढून आल्यावर त्या आधी खिडकीशी गेल्या आणि खालच्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "एवढं पाणी अंगावर असताना तुम्ही आमचं पाणी बघता?"

"रोजच, मॅडम," विपुल म्हणाला.

मीटिंगमध्ये मी पंधरा मिनिटं बोलले. लाट दाखवली, महाडची भरती दाखवली, दोन गट दाखवले. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तुमच्या लोकांच्या डोक्यात समुद्र आहे, आणि त्याची किंमत माझ्या शहराने मोजायची?"

"आत्तापर्यंत मोजली," मी म्हणाले. "यापुढे मोजावी लागू नये म्हणून दाखवतेय."

"मग सोपं आहे. माणसं काढा, सॉफ्टवेअर ठेवा."

"सॉफ्टवेअर यांच्याकडूनच शिकलंय. ही त्याची लाट." मी पुढचा ग्राफ लावला. "तीच आहे. ती मी काढून टाकू शकते, काम सुरू आहे. पण ही एक सापडली म्हणून. त्याच्यात आणखी काय काय गेलंय ते त्याला विचारता येत नाही. अनुपमाताईंना विचारता येतं."

"मी त्यांना विचारलं होतं. मेलवर. उत्तर आलं, 'वाटलं'."

अनुपमाताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. "मॅडम, ते उत्तर खरं होतं. अपुरं होतं. चूक माझी आहे, बटण मीच दाबलं. व्हॅनमधली पोरं मी पाहिलीत, रोज दिसतात. पण आता मला कळलंय चूक कुठून आली. कळल्यावर ती परत होऊ न देणं माझ्या हातात आहे."

"असं प्रत्येकाला वाटतं, अनुपमाताई."

यावर कोणी काही बोलायच्या आत विपुलने दार ढकललं. "ताई, तीन नंबर लाल झाला."

ताई उत्तर न देता टेबलाकडे गेल्या. मॅडम त्यांच्या मागून, आणि आम्ही मॅडमच्या मागून.

तीन नंबर म्हणजे तोच अंडरपास. कॅमेऱ्यात पावसाच्या तिरक्या रेघा, खालून वर येणाऱ्या रिक्षा, आणि मधल्या खोलगट भागात चमकणारं पाणी. चौकटीच्या कोपऱ्यात सल्लागारचं मत उमटलं होतं: थांबा. त्याखाली मी नवीन घातलेला प्रश्न होता: पाणी जाणार कुठे?

मी मनात वेळ मोजली. महाडला ओहोटी नुकतीच लागली होती.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. टेबलावर मोबाइल चालत नाहीत, म्हणून घरचे त्याच नंबरवर करतात. विपुलने उचलला आणि मॅडमकडे बघून अवघडला. "ताई, तुमच्या सासूबाई. नंतर करायला सांगू?"

"स्पीकरवर टाक. गुरांचं कळू दे."

"अनुपमा गो!" राहीबाईंचा आवाज सगळ्या खोलीत भरला. "ओहोटी लागली बघ. पायरीवरचं पानी उतरलं. गुरं बरी हायत. तू काय घाबरू नको, आता उतरतंच जानार."

"बरं झालं, आई. वासरू आत घेतलंत ना?"

"घेतलं. जेवलीस का?"

"जेवते. ठेवते आता, इकडं पाणी चढतंय."

"इकडं कुठं गो? तुझ्या हापिसात?"

"नाय आई. दुसऱ्या गावात."

फोन ठेवेपर्यंत ताईंची नजर स्क्रीनवरून हलली नव्हती. त्या स्वतःशी बोलल्यासारख्या, पण मोठ्याने बोलू लागल्या. "पंप एक चालू. दुसरा नाय उचलत. नाला काठोकाठ. पाऊस वाढतोय. पाणी जाणार कुठंच नाय." आणि 'बंद' दाबलं.

तिकडे बॅरिअर खाली आला. एक रिक्षावाला बॅरिअरपाशी थांबून हात वर करून काहीतरी बोलला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण कळलं. त्याच्यामागे सिटी बस थांबली, मागे हटली, वळली. खोलगट भागातलं पाणी आधी रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर आलं, मग पट्टा दिसेनासा झाला. कोपऱ्यातला सल्लागार अजून 'थांबा' म्हणत होता. पाणी व्हॅनच्या दिवशी जिथवर आलं होतं त्याच्याही वर गेल्यावर त्याने मत बदललं.

"दुसऱ्या पंपाला माणूस पाठवा, मॅडम," ताई म्हणाल्या. "तो मघापासून चालू नाही."

मॅडमनी फोन काढला आणि कुणाला तरी पंपाबद्दल झाडलं. ते झाल्यावर विपुलने पुढे केलेल्या खुर्चीवर बसल्या. रितेशने कबूल केल्याप्रमाणे चहा आणला. सगळे वाट बघत होते, आणि त्या चहा पीत होत्या.

"सॉफ्टवेअर दुरुस्त करा," शेवटी त्या मला म्हणाल्या. "दुरुस्त झालं तरी ते सल्लाच देईल. बटण इथेच राहील. ते प्रश्न विचारणारं काय केलंय तुम्ही, ते सगळ्या टेबलांवर लावा, पोलादपूरच्या मुलींच्यासुद्धा. आमचा कचराडेपो डोंगर नाही. आणि लवकर बंद करणं कमी झालं पाहिजे, मला व्यापारी जगू देत नाहीत. सप्टेंबरात परत मोजू. कमी नाही झालं तर मी हीच मीटिंग पुन्हा घेईन."

"घ्या," मी म्हणाले. "आकडे मीच काढून ठेवते."

"आणि यांच्या नावाचा खुलासा?" रितेशने विचारलं.

"खुलासा मी आत्ता बघितला." त्या ताईंकडे वळल्या. "तुमचं काही म्हणणं आहे?"

मला वाटलं ताई आभार मानतील. त्यांनी स्क्रीनवरच्या तीन नंबरकडे बोट केलं. "मॅडम, मी दोन वर्षं हा अंडरपास बघतेय. दुकानांच्या पाट्या पाठ आहेत. केळीवाला कधी येतो ते माहीत आहे. पण उतार किती आहे ते मला माहीत नाही, कारण मी तिथं कधी उभी राहिले नाही. मला एकदा चालून बघायचंय."

"पावसात?"

"पावसातच. उन्हात काय दिसणार?"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "या. पण गमबूट तुमचे आणा, माझे एकच आहेत."

सावित्री पूर्ण उतरल्यावर, पुढच्याच आठवड्यात ताई निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब, आणि एकट्या. राहीबाईंनी बरोबर भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली होती. तिकडे मासे मिळत नाहीत असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईंच्या जागी पाणी टेबलावर बसले होते. तीन नंबरच्या कॅमेऱ्यात गुडघ्यापर्यंत साडी खोचलेली, छत्री घेतलेली एक बाई दिसली. ती खोलगट भागापर्यंत चालत गेली, थांबली, बाजूला सरकली, परत थांबली, आणि पायाने काहीतरी चाचपून बघितलं. मग कॅमेऱ्याकडे वर बघून तिने हात हलवला. विपुल ओरडला, "ताई! टीव्हीवर ताई!" आणि सगळं टेबल उठून माझ्या मागे जमलं. कॅमेऱ्यांनी त्या दिवशी सगळ्यांचेच गुण कापले असणार.

भिंतीवरचा फोन वाजला.

"आम्रपाली, ऐक," मागे पावसाचा आणि हॉर्नचा आवाज होता. "हा रस्ता स्क्रीनवर सपाट दिसतो ना, तसा नाय. डावीकडं खड्डा हाय, चांगला खोल. व्हॅन तिथंच अडकली होती. सेन्सर उजव्या भिंतीला हाय, उथळ बाजूला. आपण वाचतो त्यापेक्षा पाणी जास्तच असतं."

"म्हणजे त्या दिवशीही?"

"त्या दिवशीही. म्हणून माझी चूक कमी होत नाय, ते नको लिहू. पण आकडा चुकीचा होता हे लिही." त्यांनी कुणाला तरी 'अजून खाली घ्या, भाऊ' असं सांगितलं. "मॅडमनी माणूस बोलावलाय. शिडी घेऊन आलाय. सेन्सर डाव्या भिंतीला लावतोय. तू स्क्रीनवर बघत राहा. आकडा हलला की सांग."

मी बघत राहिले. शिडीवरच्या माणसाचा हात कॅमेऱ्यात दिसत होता. चौकटीतला आकडा काही क्षण नाहीसा झाला, रिकामी जागा राहिली, मग नवा आकडा आला. पहिल्यापेक्षा मोठा. चौकट लगेच लाल झाली, आणि तिने विचारलं की पाणी जाणार कुठे. रस्त्यात माणूस शिडीवर उभा होता. मी 'बंद' दाबलं.

"हलला," मी फोनवर म्हणाले. "बॅरिअर खाली येतोय, ताई. बाजूला व्हा."